बांदियागाराच्या कड्याखाली, बाजरीच्या वाटेने

पश्चिम आफ्रिकेतील माली देशाच्या मध्य भागातील बांदियागाराच्या कड्याखालून मी आणि माझी भाची जानेवारी 2009 मध्ये सहा दिवस पायी चाललो. त्यानंतर त्या प्रदेशाची जी अवस्था झाली आहे ती पाहता आज कोणीही तेथे जाऊ नये, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट लिहिते. त्याची कारणे पुढे सविस्तर येतील; प्रवासाच्या ज्या सूचना मध्ये येतील त्या तेव्हाच्या समजाव्यात. तरीही हा वृत्तांत लिहावासा वाटला, कारण या कड्याच्या परिसरात राहणाऱ्या डोगोन लोकांविषयी मला मराठीत जे काही वाचायला मिळाले ते बहुतेक सगळे, त्यांना व्याध ताऱ्याच्या अदृश्य जोडताऱ्याचे ज्ञान होते, या गूढकथेभोवती फिरणारे होते. ही माणसे काय पेरतात, काय रांधतात आणि पिकवलेले धान्य कोठे ठेवतात, याविषयी त्यात एक ओळही नव्हती; आणि कड्यावरची ती प्रसिद्ध मातीची घरे समजून घ्यायची असतील तर सुरुवात नेमकी तेथूनच करावी लागते.

माझे माहेर शिरूर तालुक्यातले. आमच्या घरी बाजरीची भाकरी हे अन्न होते आणि गहू सणासुदीचा. त्यामुळे ही बाजरी मुळात आफ्रिकेतून आलेली आहे, तिच्या लागवडीचे सर्वांत जुने पुरावे मालीच्याच ईशान्येकडील तिलेम्सी खोऱ्यात सापडले असून ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहेत, हे प्रथम वाचले तेव्हा मी थक्क झाले होते. डोगोन लोकांचे मुख्य पीकही बाजरीच. भाची त्या वेळी पॅरिसमध्ये शिकत होती आणि उत्तम फ्रेंच बोलत होती. मालीत फ्रेंचशिवाय बाहेरच्या माणसाचे पान हलत नाही, त्यामुळे ती बरोबर येते म्हणाली आणि माझे जाणे ठरले.

आधी भूगोल नीट ध्यानात घ्यावा. बांदियागाराचा कडा नैऋत्येकडून ईशान्येकडे सुमारे दीडशे किलोमीटर पसरलेला असून काही ठिकाणी त्याची उंची 500 मीटरपर्यंत जाते. आपल्या सह्याद्रीचा कडा काळ्या बेसाल्टचा आणि पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. हा कडा वालुकाश्माचा, तांबूस-पिवळा, आणि आग्नेयेकडे तोंड केलेला आहे. म्हणून सकाळी उन्हात तो पेटल्यासारखा दिसतो आणि दुपार कलली की पायथ्याच्या गावांवर त्याची सावली पडते. कड्याच्या माथ्यावर खडकाळ पठार आहे, पायथ्याला कोसळलेल्या शिळांचा उतार आहे आणि त्यापुढे सेनोचे वालुकामय मैदान क्षितिजापर्यंत गेले आहे. बाजरी मुख्यतः त्या मैदानात पिकते, गावे पूर्वी शिळांच्या उतारावर वसत, आणि त्या वरच्या उभ्या भिंतीतील गुहांत मृत माणसे असतात. युनेस्कोने 1989 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत जो भाग घेतला तो सुमारे चार लाख हेक्टरांचा असून त्यात 289 गावे येतात. एखादी वास्तू किंवा एखादे गाव असा तो वारसा नाही. शेत, गाव आणि कडा मिळून तो होतो.

आम्ही मुंबईहून अदिस अबाबामार्गे मालीच्या राजधानीला, बामाकोला पोहोचलो. पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यावी आणि तिचे पिवळे प्रमाणपत्र पासपोर्टइतकेच जपावे. मालीत प्रवेश करताना ते लागते. शिवाय परतताना भारतातही लागते, आणि ते नसेल तर येथे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात. चलन पश्चिम आफ्रिकी फ्रँक असून त्याचा दर युरोशी कायमचा बांधलेला आहे, एका युरोला 655.957 फ्रँक, म्हणून डॉलरपेक्षा युरो नेणे सोयीचे पडते. सुट्या पैशांची मात्र बामाकोतच व्यवस्था करावी. कड्याखालच्या गावात मोठी नोट काढली की ती मोडून देणारा माणूस शोधण्यात अर्धी सकाळ जाते.

बामाको ते कड्याच्या अलीकडचे सेवारे हे शहर, हा सहाशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास आम्ही बसने एका दिवसात केला. सेवारेत एका माणसाने वाटाड्या देतो म्हणून आगाऊ रक्कम घेतली आणि दुसऱ्या दिवशी तो फिरकलाच नाही. चूक आमची होती. रस्त्यावर भेटलेल्या मध्यस्थाशी व्यवहार करायलाच नको होता. त्यानंतर आम्ही बांदियागारा या गावी गेलो, तेथे परवानाधारक डोगोन वाटाड्यांची चौकशी केली, आणि मार्ग, मुक्काम, जेवण, गावांची शुल्के आणि परतीची गाडी या सगळ्या बाबी कागदावर लिहून घेतल्या. ज्यांनी आम्हाला नेले ते पन्नाशीचे, अत्यंत मितभाषी गृहस्थ होते. या वृत्तांतात जे शहाणपण आहे त्यातले बरेचसे त्यांच्यामुळे आलेले आहे.

डोगोन प्रदेशात वाटाड्या हवा तो रस्ता सापडावा म्हणून नव्हे, कारण रस्ता सोपा आहे. कडा एका हाताला ठेवून चालत राहायचे. वाटाड्या हवा तो कोठे पाय ठेवू नये हे कळण्यासाठी. वाटेतला एखादा साधा मातीचा उंचवटा, ज्यावरून बाजरीच्या पिठाचे पांढरे ओघळ वाळलेले असतात, ते कोणाच्या तरी पूर्वजांचे पूजास्थान असते. काही शिळांना हात लावायचा नसतो, काही बोळांतून परक्याने जायचे नसते, आणि त्यावर कोठेही पाटी नसते. पठारावरील सांगा या गावाजवळच्या एका वस्तीच्या वेशीबाहेर आम्ही वाळूत आखलेले चौकोन पाहिले, त्यांत बारीक काटक्या खोचलेल्या होत्या आणि मध्ये मध्ये शेंगदाणे टाकलेले होते. संध्याकाळी भगत हा पट आखतो, त्यात प्रश्न मांडतो, रात्री कोल्हा शेंगदाण्यांसाठी त्यावरून फिरतो आणि सकाळी त्याच्या पावलांवरून उत्तर वाचले जाते. आमच्या वाटाड्यांनी मला दंडाला धरून थांबवले नसते तर मी त्या पटावरूनच चालत गेले असते.

कड्याकडे उतरण्यापूर्वी आम्ही सोंगो हे पठारावरचे गाव पाहिले. गाव मुस्लिम आहे, तरी गावामागच्या खडकाच्या ओवरीखाली मुलांच्या सुंतेचा जुना विधी दर तीन वर्षांनी होतो आणि त्या वेळी भिंतीवर लाल, पांढऱ्या व काळ्या रंगांत चिन्हे पुन्हा रंगवली जातात. मुखवटे, साप, मगरी, मानवाकृती अशी शेकडो चित्रे तेथे एकावर एक आहेत. एका तासात पाहून होईल असे ते स्थळ आहे, परंतु घाई करू नये. ओवरीत बसून नुसते पाहत राहिले की जुन्या रंगाखालचे आणखी जुने रंग दिसू लागतात.

पायी वाटचाल कड्याखालच्या कानी-कोंबोले या गावापासून सुरू झाली. तेथील मातीची मशीद बाहेरूनच पाहिली आणि वाळूच्या वाटेने तासाभरात तेली गाठले. तेली हे गाव मला सर्वांत जास्त शिकवून गेले, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहिते.

तेलीत आज माणसे खाली मैदानात राहतात आणि जुने गाव वर कड्याच्या कपारीत तसेच उभे आहे. पूर्वी मैदानातून घोडेस्वारांचे हल्ले होत, माणसे गुलाम म्हणून धरून नेली जात. म्हणून वस्ती शिळांच्या आडोशाला होती आणि पाणी खालून डोक्यावरून वर न्यावे लागे. विसाव्या शतकात हल्ल्यांची भीती गेली तशी गावे पाण्याजवळ, शेताजवळ उतरली. अर्ध्या तासाच्या चढणीनंतर आम्ही जुन्या गावात पोहोचलो तेव्हा मला प्रथम दिसली ती घरे नव्हेत, कोठारे. चौकोनी, उंच, निमुळती, दगडांच्या पायावर जमिनीपासून उचललेली, आणि वर गवताची टोकदार टोपी. ती पाहून भाची म्हणाली, "मावशी, हे तर आपलं बळद बाहेर काढून ठेवल्यासारखं आहे." तिचे म्हणणे बरोबर होते. आपण धान्य घरात बळदात, कणगीत किंवा जमिनीखालच्या पेवात ठेवतो. डोगोन माणूस धान्यासाठी स्वतंत्र घर बांधतो आणि ते स्वतःच्या घरापेक्षा अधिक काळजीने लिंपतो. आपल्याकडे बाजरी मळून, उफणून साठवतात. येथे कणसे तशीच कोठारात रचतात आणि लागतील तशी काढून उखळात कांडतात.

या डोगोन कोठारांच्याही वर, जेथे आज कोणी शिडीशिवाय जाऊ शकणार नाही अशा फटींमध्ये, लहान गोलसर मातीची बांधकामे दिसतात. ती तेलेम लोकांची. तेलेम या डोगोन शब्दाचा अर्थच मुळी "जे आम्हाला येथे आढळले ते" असा आहे. साधारण अकराव्या ते सोळाव्या शतकापर्यंत हे लोक या कड्यात होते आणि त्यांनी गुहांमध्ये धान्याची कोठारे बांधली, मृतांना ठेवले. 1960 च्या दशकापासून डच संशोधकांनी सांगाजवळच्या गुहांमध्ये अभ्यास केला तेव्हा तेथे सुती व लोकरीची वस्त्रे मिळाली, आणि ती सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील सर्वांत जुन्या टिकलेल्या वस्त्रांपैकी आहेत. त्याहूनही जुनी, ख्रिस्तपूर्व काळातली काही मातीची बांधकामे या कड्यात आहेत आणि तीही कोठारेच असावीत असे मानले जाते. डोगोन चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सुमारास पश्चिमेकडील मांदे प्रदेशातून आले अशी त्यांची परंपरा सांगते. म्हणजे माणसे बदलली, भाषा बदलली, परंतु धान्य कड्याच्या कोरड्या पोटात ठेवायचे हा विचार दोन हजार वर्षे टिकला.

तेलेम इतक्या उंचावर कसे चढले, या प्रश्नाची तेथे अनेक उत्तरे मिळतात. ते उडू शकत होते असेही काही जण सांगतात. वाटाड्यांनी मला शांतपणे कड्याखालचे एक गोरखचिंचेचे झाड दाखवले. त्याच्या बुंध्याची साल माणसाच्या उंचीपर्यंत सोलून काढलेली होती आणि जखम भरून तेथे सुरकुत्या पडल्या होत्या. या सालीचे दोर वळतात, आणि डोगोन आजही त्या दोरांनी आपली प्रेते वरच्या जुन्या तेलेम गुहांमध्ये चढवतात. त्यामुळे वर दिसणाऱ्या गुहा ओसाड नाहीत, हे जाणाऱ्याने कधीही विसरू नये. दुर्बिणीने पाहावे, पण वाटाड्या "नको" म्हणेल त्या वळणापुढे जाऊ नये, आणि अशा ठिकाणी कॅमेरा बाहेर काढू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही एंदेत निळीने रंगवलेली वस्त्रे पाहिली आणि तेथून कड्याच्या मध्यावरील बेनिमातोला चढलो. या छोट्या गावात मुस्लिमांची, ख्रिस्ती लोकांची आणि जुना धर्म पाळणाऱ्यांची अशा तीन आळ्या आहेत. रात्री मुक्काम मातीच्या घराच्या धाब्यावर. धाब्यावर जायला दोन फांद्यांचे बेचके फुटलेल्या खोडाला खाचा पाडून केलेली शिडी असते; ती चढताना चप्पल काढावी आणि पाऊल आडवे ठेवावे. जानेवारीत हरमत्तान वारा वाहतो, दिवसा आकाश धुळीने दुधाळ होते, ओठ फुटतात, आणि पहाटे बऱ्यापैकी थंडी वाजते. मी एकच शाल नेली होती ती पुरली नाही. गोधडीसारखे जाड पांघरूण आणि मच्छरदाणी दोन्ही जवळ असावीत.

पायी जायचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच. मार्चपासून पारा चाळीस अंशांपुढे जातो, आणि जून ते सप्टेंबर पावसाचा व शेतीचा हंगाम असतो, तेव्हा गावात कोणाला पाहुण्यासाठी वेळ नसतो. जानेवारीचा आणखी एक लाभ असा की कापणी झालेली असते, कोठारे भरलेली असतात आणि माणसे बोलायला मोकळी असतात.

बोलण्याची सुरुवात मात्र त्यांच्या रीतीने व्हावी. वाटेत दोघे डोगोन भेटले की एकजण विचारत जातो, तुम्ही कसे, घरचे कसे, मुले कशी, गाव कसे, आणि दुसरा प्रत्येक वेळी "सेओ" म्हणजे "बरे आहे" म्हणतो. मग विचारणारा बदलतो. दोघेही चालतच असतात, त्यामुळे शेवटची उत्तरे पाठमोरी, मोठ्या आवाजात येतात. परक्याने एवढे सगळे शिकण्याची गरज नाही, परंतु "सेओ" म्हणायला शिकावे आणि घाईने पुढे निघून जाऊ नये. वडीलधाऱ्यांना भेटताना कोला नावाचे कडू फळबीज देण्याची रीत आहे. ते बाजारातच घ्यावे आणि ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवावे, नाहीतर दोन दिवसांत सुकते. मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटू नयेत. एकदा वाटले की पुढे येणाऱ्या प्रत्येकामागे मुले धावतात, आणि आम्ही ते पाहिले. काही द्यायचे असेल तर शाळेत गुरुजींच्या हाती वह्या द्याव्यात.

प्रत्येक गावात ज्येष्ठ पुरुषांची बसण्याची जागा असते, तिला तोगुना म्हणतात. लाकडी किंवा दगडी खांबांवर बाजरीच्या वाळलेल्या ताटांचे थरावर थर रचून केलेले, माणसाच्या उंचीएवढे जाड छप्पर, आणि खाली इतकी कमी उंची की बसूनच राहावे लागते. रागाने ताडकन उठून उभे राहिले की डोके आपटते, म्हणून भांडण विकोपाला जात नाही, असे त्याचे कारण सांगतात. ते छप्पर पाहून मला आमच्या शेतातल्या कडब्याच्या गंजीची आठवण झाली. बाजरीची ताटे जनावरांना घालावीत की त्यांची सावली करावी, हे येथे गावाने मिळून ठरवलेले होते. तोगुनात स्त्रिया बसत नाहीत. आम्ही दोघी बाहेरच्या दगडावर बसलो आणि तेथूनच बोललो.

पुरुषांच्या गोष्टी परक्याला दाखवण्याची या प्रदेशाला सवय आहे. स्त्रियांच्या गोष्टी मात्र विचारल्याशिवाय दिसत नाहीत. नोम्बोरीहून तिरेलीला पोहोचल्यावर आमचा मुक्काम एका कुंभारकाम करणाऱ्या बाईंच्या अंगणाला लागून होता. तिरेलीच्या स्त्रिया मडकी करतात. त्या दिवसभर माती थापत होत्या आणि आम्ही शेजारी बसून होतो. संध्याकाळी भाचीने वाटाड्यांच्या मार्फत विचारले, तेव्हा त्या उठल्या आणि आपले कोठार उघडून दाखवायला तयार झाल्या, पण वाटाड्यांनी दूर उभे राहावे अशी खूण करूनच. डोगोन घरात पुरुषाचे कोठार वेगळे आणि बाईचे वेगळे. पुरुषाच्या कोठारात घराची बाजरी असते. बाईच्या कोठारात आत चार कप्पे असतात आणि त्यांत तिचे स्वतःचे असते: भुईमूग, वाळवलेली पाने, मसाला, लुगडी, दागिना, विक्रीतून जमवलेले पैसे. नवऱ्याने ते उघडायचे नसते. मी शेतकरी घरात वाढले, आणि आमच्याकडे कोणत्याही बाईला कुलूप लावता येईल असे स्वतःचे धान्य कधी नव्हते. त्या लहानशा दारातून आत डोकावताना मला माझी आई आठवली आणि बराच वेळ बोलता आले नाही.

गावाच्या कडेला एक गोल मातीचे घर असते, जेथे पाळीच्या दिवसांत स्त्रिया राहतात. मला त्याचे नवल वाटले नाही. गडचिरोलीतल्या माडिया गावांतली कुर्माघरे मी पाहिलेली आहेत आणि लहानपणी आमच्या घरी "बाहेर बसणे" होतेच. त्या घरापासून लांब राहावे आणि त्याचा फोटो काढू नये, एवढेच सांगते.

जेवणाचे आता सांगते, कारण शाकाहारी मराठी माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो. रोजचे अन्न "तो", म्हणजे बाजरीच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि त्याबरोबर गोरखचिंचेच्या वाळवलेल्या पानांचे हिरवे, बुळबुळीत कालवण. आपल्या उकडपेंडीचा घट्ट भाऊ म्हणावा असा तो पदार्थ मला फार आवडला. कालवणात वाळलेल्या मासळीची पूड असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून आधीच स्पष्ट सांगावे. भात आणि शेंगदाण्याचे कालवण सगळीकडे मिळते. बाजरीची बिअर, कोन्जो, बाजाराच्या दिवशी बायका मोठ्या मडक्यांतून विकतात; डोगोनांचा आठवडा पाच दिवसांचा असल्याने बाजार कोणत्या दिवशी भरेल हे वाटाड्यांनाच विचारावे. पाणी माणशी रोज किमान तीन-चार लिटर लागते. विहिरीचे पाणी गाळून, त्यात शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकूनच प्यावे.

तिरेलीत तेव्हा शुल्क देऊन मुखवट्यांचे नृत्य पाहता येत असे. मृत व्यक्तीचे सुतक संपवणाऱ्या "दामा" विधीतले हे नृत्य पाहुण्यांसाठी वेगळे करून दाखवत. ते मुळातले नव्हे म्हणून नाक मुरडणे मला पटत नाही; दुहेरी आडव्या फळ्यांचा कानागा मुखवटा डोक्यावर घेऊन, कमरेत वाकून, त्याचे टोक जमिनीला टेकवत गरगर फिरणाऱ्या तरुणाची ताकद खरीच असते. पुढे अमानीतील पवित्र मगरींचा डोह आम्ही चालता चालता पाहिला आणि इरेलीला मुक्काम केला. इरेलीच्या वर कड्यात तेलेम बांधकामांची जी दाटी आहे ती सूर्य उगवताना पाहावी. तेवढ्यासाठी आदल्या रात्री तेथेच थांबणे योग्य.

शेवटच्या दिवशी बनानीहून खडकातल्या फटीतून चढून आम्ही सांगाला पोहोचलो. पठारावर अचानक गडद हिरवे वाफे दिसतात, ते कांद्याचे. उघड्या खडकावर दगडांचे बांध घालून, टोपल्यांनी माती आणून, कळशांनी शिंपून हे वाफे केलेले आहेत. कांदा कुटून त्याचे गोळे करतात आणि खडकावर वाळवतात. त्याचा वास गावाच्या अलीकडेच येतो. येथील एक बंधारा फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल यांच्या पुढाकाराने झाला. ग्रिओल 1931 मध्ये येथे प्रथम आले आणि 1946 मध्ये ओगोतेमेली नावाच्या अंध, वृद्ध शिकाऱ्याने त्यांना 33 दिवस बसवून डोगोनांची सृष्टिकथा सांगितली. त्या कथेत स्वर्गातून जे खाली उतरते ते एक कोठार असते आणि त्यात सर्व बियाणे व सर्व प्राणी असतात. पुढे व्याधाच्या अदृश्य जोडताऱ्याविषयीच्या डोगोन ज्ञानाचा जो गाजावाजा झाला त्याचे मूळ ग्रिओल यांच्याच लेखनात आहे. डच मानववंशशास्त्रज्ञ वाल्टर व्हान बेक तिरेलीत दीर्घकाळ राहिले आणि 1991 मध्ये त्यांनी लिहिले की अशी गूढ विश्वरचना किंवा व्याधाची ती कथा त्यांना लोकांमध्ये आढळली नाही. मी विद्वान नाही, पण सहा दिवसांत आमच्याशी ताऱ्यांचा विषय काढून कोणी बोलले नाही. पावसाबद्दल, बाजरीबद्दल आणि कांद्याच्या भावाबद्दल मात्र सगळे बोलले.

जुने काही विकत घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगते. कोरीव दार, लाकडी कुलूप, तोगुनाचा खांब, गुहेतील कापडाचा तुकडा असे काहीही कोणी आडबाजूला नेऊन दाखवले तर नकार द्यावा. कोठाराचे दार विकले गेले की तेथे पत्रा बसतो. मालीच्या कायद्याने अशा वस्तूंना संरक्षण आहे, आणि बांदियागाराच्या कड्यातील पुरावस्तूंच्या आयातीवर अमेरिकेने 1993 मध्येच बंदी घातली होती. एंदेचे निळे कापड आणि तिरेलीचे नवे मडके घ्यावे. त्याचे पैसे करणाऱ्याच्या हातात जातात.

आता आजची परिस्थिती. 2012 मध्ये उत्तर मालीत युद्ध सुरू झाले आणि काही वर्षांत ते मध्य भागात उतरले. कापणीनंतर फुलानी गुराखी आपली गुरे डोगोन शेतांत बसवत, शेताला खत मिळे आणि गुरांना ताटे. आपल्याकडे धनगरांची मेंढरे शेतात बसवतात तसाच हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत होता. सशस्त्र जिहादी गट आले, त्यांना तोंड देण्यासाठी सशस्त्र पथके उभी राहिली, आणि शेजाऱ्यांमध्ये रक्त सांडले. मार्च 2019 मध्ये ओगोसागू या फुलानी गावात दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये सोबान दा या डोगोन गावावर हल्ला झाला. डिसेंबर 2021 मध्ये सोंगोहून बांदियागाराच्या बाजाराला निघालेल्या गाडीवर हल्ला झाला आणि तीसहून अधिक लोक मारले गेले. ज्या रस्त्याने आम्ही चित्रे पाहायला गेलो होतो तोच हा रस्ता. कित्येक गावांत घरांबरोबर भरलेली कोठारेही जाळण्यात आली. संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्यही 2023 अखेरीस देशातून बाहेर पडले.

म्हणून आज कोणी "आम्ही सुरक्षित नेतो" असे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये, आणि भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचल्याशिवाय बामाकोचेही तिकीट काढू नये. साठ वर्षांनी एकदा येणारा, गावोगाव अनेक वर्षे फिरत जाणारा सिगी हा डोगोनांचा सर्वांत मोठा विधी 1967 मध्ये सुरू झाला होता, त्या हिशोबाने पुढचा 2027 मध्ये यायचा आहे, आणि तो पाहण्याच्या ओढीने काही जण निघतील अशी मला खरी भीती वाटते. आपल्यामुळे गावावर संकट येऊ शकते, हेही त्यांनी ध्यानात घ्यावे.

ज्यांना डोगोन शिल्प पाहायचे आहे त्यांनी पॅरिसमधील के ब्रान्ली संग्रहालयात जावे. भाचीने मला तेथे 2014 मध्ये नेले. दालनात शिरताच हात वर केलेला जवळजवळ दोन मीटर उंचीचा लाकडी पुतळा आहे, कड्यावर डोगोन येण्यापूर्वीच्या काळातला. त्यासाठीच वेगळा अर्धा तास ठेवावा. 1931 ते 1933 या काळातील फ्रेंच मोहिमेने गोळा केलेल्या वस्तूही त्याच संग्रहालयात आहेत. त्यांतल्या काही कशा रीतीने उचलल्या गेल्या याची नोंद मोहिमेतील लोकांनी स्वतःच करून ठेवली आहे आणि ती सुखद नाही. नेदरलँड्समधील लायडनच्या संग्रहालयातही डोगोन प्रदेशातील वस्तू आहेत.

फोटो पाठवण्याचे कबूल केले तर पाठवावेत. तिरेलीच्या बाईंचे तीन फोटो आम्ही छापून सेवारेमार्गे पाठवले आणि ते पोहोचल्याचा निरोप आला. आमचे वाटाडे आता कुटुंबासह बामाकोत राहतात. वर्षातून एक-दोनदा त्यांचा फोन येतो, भाची मध्ये बसून भाषांतर करते, आणि मी दर वेळी पाऊस कसा झाला ते विचारते. मागच्या वेळी त्यांनी सांगितले की पाऊस चांगला आहे, परंतु त्यांच्या गावचे लोक आता गावातून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्याच अंतरापर्यंत बाजरी पेरतात, त्यापुढची शेते पडीक आहेत.